पर्मनंट बाई, कंत्राटी बाई आणि एकच मायक्रोस्कोप

अबोली_डोंबिवली

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सहा वर्षं कंत्राटी म्हणून काढली, आणि गेली पाच वर्षं दुसऱ्या एका सरकारी संस्थेत पर्मनंट आहे. काम अगदी तेच. तेच सीबीसी, त्याच स्लाइड, कॅज्युअल्टीतून 'अर्जंट' म्हणून येणारं तेच रक्त. हातात फक्त ऑर्डर वेगळी आली आणि माझा अख्खा दिवस बदलला.

कंत्राटी असताना ऑर्डर ११ महिन्यांची असायची. मग एक-दोन दिवसांचा ब्रेक, मग नवी ऑर्डर. नोकरी कागदावर सलग दिसू नये म्हणून तो ब्रेक. त्या दोन दिवसांत मी फोन आंघोळीलासुद्धा बाहेर ठेवत नसे. पगाराला पगार म्हणत नसत, 'ठोक मानधन' म्हणत. शेजारच्या खुर्चीवरच्या पर्मनंट ताईंच्या निम्म्याहून कमी. पण पैशाचं मला तितकंसं लागलं नाही, कारण ते रुजू होतानाच माहीत होतं. कंत्राटी बाईला 'नाही' म्हणता येत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

गणपतीत कुणाला गावी जायचं असलं की त्यांची नाइट माझ्याकडे. रविवारी कुणी आलं नाही की फोन मला. लेडीज स्टाफ रूमची किल्ली पर्मनंट स्टाफकडे, त्यामुळे आम्ही चौघी कंत्राटी मुली स्टोअरमध्ये रिएजंटच्या खोक्यांमागे कपडे बदलायचो. दाराला आतून कडी नव्हती. एक जण बाहेर उभी राहायची. कंत्राटी मुलगे बाहेर पॅसेजमध्येच शर्ट बदलायचे, त्यांना किल्ली लागतच नव्हती.

मग मला दिवस गेले. ऑर्डर संपायला सात आठवडे होते आणि माझी ड्युटी हिस्टोवर होती (शरीरातून काढलेले तुकडे तपासतात तो विभाग), म्हणजे दिवसभर फॉर्मलीन आणि झायलीन. हा वास त्या दिवसांत चांगला नाही हे मलाच काय, लॅबमधल्या मामांनाही (शिपायांनाही) ठाऊक होतं. हिमॅटॉलॉजीला, म्हणजे रक्ततपासणीला, बदलून द्या म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर नवी ऑर्डर निघेल का, याची धास्ती. मी काही बोलले नाही. ढगळ एप्रन घातला, दोन मास्क लावले आणि उलटी आली की स्लाइड ठेवून जिन्यात जाऊन उभी राहायचे. नवी ऑर्डर हातात पडली त्याच दिवशी दुपारी इनचार्ज मॅडमना सांगितलं. पाचवा महिना चालू होता.

मॅडम चांगल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आधी सांगितलं असतंस तर मी तुला हिस्टोवर ठेवलंच नसतं," म्हणाल्या. मी विचारलं, "आणि ऑर्डर मिळाली असती?" त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मी नाही सांगू शकत गं."

रजा बिनपगारी झाली. बाळ तीन महिन्यांचं असताना परत आले. मुलगा धडधाकट आहे, यंदा दुसरीत गेला. पण त्या सात आठवड्यांचा विचार आला की आजही झोप उडते.

आता पर्मनंट झाल्यावरचं सांगते. माझ्या आत्ताच्या लॅबमध्ये एका मैत्रिणीला दिवस गेले, तिनं दुसऱ्याच महिन्यात अगदी सहज सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी लिस्ट बदलली. १८० दिवस भरपगारी रजा. शिवाय राज्य सरकारनं २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आहे, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती वापरता येते. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा त्यातले नऊ दिवस मी घेतले आणि त्याच्या उशाशी बसले. कुणाचे पाय धरावे लागले नाहीत.

म्हणजे बाई मी तेव्हाही होते, आताही आहे. तेव्हा बाई असण्याची किंमत माझ्या एकटीच्या अंगावर होती, आता संस्था थोडी उचलते. तुमच्या कामाच्या ठिकाणी काय दिसतं? बाई-पुरुष ही रेघ जाड आहे, की पर्मनंट-कंत्राटी?

खोपोली_फास्ट

वाचून सुन्न झाले. आमच्या ऑफिसातही किल्ली आहे. उद्या बघते कुणाकडे असते.

गिरणगावची_लेक

अबोली, तुझा तो ब्रेक वाचला आणि आईचं बदली कार्ड आठवलं.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात (मागांवर) कायम होते, आई वाइंडिंगमध्ये (सूत गुंडाळायच्या खात्यात) बदली. बदली म्हणजे रोज पहाटे कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी खाडा केला तर मुकादम आत घेणार, नाही तर तसंच घरी. आई सांगायची, आत जायला मिळालं की पहिला विचार यायचा, 'आज कुणाच्या तरी घरी आजारपण आहे म्हणून मला काम मिळालं.' नऊ वर्षं ती बदलीच राहिली. वडील आजारी पडले तर घरी झोपायचे, आई तापातसुद्धा गेटवर जायची, कारण चार दिवस दिसली नाही तर मुकादमाच्या मनातून उतरणार.

एकाच घरात, एकाच गिरणीचे दोन कामगार. वडील कामावरून आले की पाय धुऊन व्हरांड्यात बसायचे. त्यांना दुसऱ्या दिवशीची चिंता नसायची. आई कामावरून आली तरी काम संपलेलं नसायचं आणि नाही मिळालं तरी संपलेलं नसायचं. मी वडिलांना दोष देत नाही. ते आईला खूप जपायचे. पण त्यांचं कायम असणं आणि तिचं बदली असणं घरातही दिसायचं, कुणाचा ताप मोठा ते त्यावर ठरायचं.

मागचं अजून एक सांगते. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांत एक कामगार बाई होती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला असा पहिलाच. पण मालकांनी काय केलं, तर बायका कमी घ्यायला सुरुवात केली. यंत्रं बदलली, पाळ्या वाढल्या, रात्रपाळी बायकांना बंद होती, हीही कारणं होतीच. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा गिरण्यांत बायका फारच थोड्या उरल्या होत्या. माझी आई त्यांतली एक. संपानंतर ती खानावळवाल्या मावशींकडे पोळ्या लाटायला गेली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. आई म्हणायची, "तिथं कार्ड नव्हतं गं, पण उद्या ये असं रोज सांगायचे."

'उद्या ये' एवढ्या दोन शब्दांवर ती बाई सुखी होती.

डबल_ड्युटी

मी पुरुष आहे आणि कंत्राटी आहे, म्हणून लिहितो. अंधेरीतल्या एका बिझनेस पार्कमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर. बारा तासांची ड्युटी. रिलिव्हर आला नाही तर चोवीस. मुलगी झाली तेव्हा दोन दिवस सुट्टी घेतली, दोन्ही दिवसांचे पैसे कापले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाळ झालं की १५ दिवस पितृत्व रजा मिळते, खासगीत आमच्यासाठी असा कायदाच नाही. मुलगी जन्मली त्या रात्री मी गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत होतो.

अबोलीताई, तुमचं दुःख खरं आहे. पण ते बाई म्हणून कमी आणि कंत्राटी म्हणून जास्त आहे असं मला वाटतं. आमच्या पार्कमधल्या वरच्या मजल्यावरच्या मॅडमना नऊ महिने पूर्ण गाडी येते. त्या बाईच आहेत ना?

अबोली_डोंबिवली

दादा, मुलीच्या जन्माच्या रात्री गेटवर, हे वाचून फार वाईट वाटलं. तुमचं म्हणणं अर्धं मान्य. अर्धं नाही, ते का ते सांगते.

आमच्या चौघींपैकी एकीला वरिष्ठांपैकी एक जण ड्युटी लिस्ट दाखवायला म्हणून केबिनमध्ये बोलवायचे आणि दार लावायचे. रिन्यूअलच्या महिन्यात जरा जास्तच. कंत्राटी मुलग्यांनाही त्या महिन्यात त्यांच्यापुढे हात बांधून उभं राहावं लागायचं, त्यांचाही अपमान व्हायचा. पण त्यांच्यासाठी दार लागत नव्हतं. आणि पर्मनंट ताईंसाठीही लागत नव्हतं, त्यांना माहीत होतं की त्या ओरडतील. तिथे बाई असणं आणि कंत्राटी असणं, दोन्ही एकत्र लागत होतं. ती मुलगी तक्रार न करता सोडून गेली. आज ती एका खासगी लॅबमध्ये निम्म्या पगारावर आहे.

डबल_ड्युटी

हे मला सुचलं नव्हतं. मागे घेतो. आमच्याकडे चेकिंगला दोन लेडी गार्ड आहेत, त्यांच्यासाठी जवळ बाथरूम नाही, फूड कोर्टपर्यंत जावं लागतं. त्या ड्युटीत पाणीच पीत नाहीत. मी सुपरवायझर असून आजवर कधी विचारलं नाही.

पिंपळपार

मी डॉक्टर आहे, कामगारांच्या आरोग्यावर बरीच वर्षं काम केलं. चर्चा फार मोलाची चालली आहे, म्हणून थोडं अभ्यासाचं जोडतो.

लंडनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांवर 'व्हाइटहॉल' नावाचे दोन मोठे अभ्यास झाले. पहिला १९६७ मध्ये सुरू झाला, त्यात फक्त पुरुष होते. सगळे टेबलावर बसून काम करणारे, कुणी उपाशी नाही, कुणी खाणीत उतरत नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. आणि गरीब विरुद्ध श्रीमंत अशी एकच दरी नव्हती, जिन्याच्या पायऱ्यांसारखं होतं, प्रत्येक पायरीला फरक. दुसरा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला, १०,३०८ कर्मचारी, त्यांत साधारण एक तृतीयांश स्त्रिया. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचा हृदयविकाराशी संबंध आहे, पुरुषांत आणि स्त्रियांतही. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की मागणी जास्त आणि ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पिळते. अबोलीताईंचं 'नाही म्हणता येत नाही' आणि करासेक यांचा 'ताबा' ही एकच गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ अँड्र्यू क्लार्क यांनी १९९७ मध्ये दाखवलं की तिथल्या स्त्रियांना पगार कमी, बढती कमी, तरी 'कामात समाधानी आहात का' असं विचारलं तर त्या पुरुषांपेक्षा जास्त समाधानी निघतात. त्यांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा तरुण, जास्त शिकलेल्या, वरच्या हुद्द्यावरच्या आणि पुरुषांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या स्त्रियांत हा फरक नाहीसा झाला. त्यांचा निष्कर्ष असा की खालच्या पायरीवरच्या बाईची अपेक्षाच कमी असते, म्हणून ती समाधानी दिसते. 'सगळ्या लेडीज स्टाफनं समाधानी लिहिलंय' असं कुणी कागद दाखवून सांगितलं की मी आधी विचारतो, त्यांत कंत्राटी किती होत्या?

अबोली_डोंबिवली

डॉक्टर, हे वाचून मी थांबलेच. कंत्राटी असताना आम्हाला असा फॉर्म एकदा दिला होता. मी 'समाधानी' वर टिक केली होती, आणि खोटं लिहिलं नव्हतं. माझी आई घरी बसून टिकल्या पाकिटांवर चिकटवायची, ग्रोसवर (१४४ नगांवर) पैसे मिळायचे. तिच्या मानानं मी एप्रन घालून एसीत बसत होते. मला खरंच छान वाटत होतं. त्याच वर्षी मी जिन्यात उलट्या काढत उभी होते.

काचेची_केबिन

मी दुसऱ्या टोकाची. बीकेसीत एका वित्तसंस्थेत विभागप्रमुख आहे. वर कुणीतरी 'वरच्या मजल्यावरच्या मॅडमना गाडी येते' असं लिहिलंय. हो, येते. माझ्या वेळा मी ठरवते, सुट्टीसाठी कुणाला विचारत नाही. डॉक्टर म्हणतात तो ताबा माझ्याकडे आहे आणि त्याचा फरक मला रोज कळतो.

पण घरी माझा हुद्दा लागू होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं आलं. माझ्याकडे स्वयंपाकाला बाई आहेत, तरी डोक्यातला हिशोब माझाच: गॅस, सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचं प्रोजेक्ट. माझ्या बरोबरीचे चौघे पुरुष विभागप्रमुख संध्याकाळी सातला केबिनमध्ये निवांत चहा पितात आणि तिथेच पुढच्या वर्षाचे निर्णय ठरतात. मी सातला सी लिंकवर असते. हुद्द्यानं मला खूप दिलं, पण ती संध्याकाळ दिली नाही.

खिडकीची_सीट

पर्मनंट असणंही पुरत नाही याचं मुंबईतलंच उदाहरण. एअर इंडियाच्या हवाईसुंदरी पर्मनंट होत्या, पगार चांगला, मान मोठा. तरी नियम असा की पहिल्या गरोदरपणात नोकरी जाणार, आणि ३५ व्या वर्षी निवृत्ती, मुदतवाढ मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. त्याच विमानातले पुरुष पर्सर ५८ पर्यंत. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टानं गरोदरपणाचं कलम रद्द केलं आणि ती मर्जीही काढली. पण नोकरी लागल्यापासून चार वर्षं लग्न करायचं नाही, हे कलम मात्र कोर्टानं चालू दिलं.

पारिजात_चेंबूर

मी आज एक कबूल करणार आहे. माझ्याकडे मानखुर्दहून एक ताई यायच्या, पाच वर्षं. त्यांना दिवस गेले तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत त्या वाकून लादी पुसत होत्या. मी पुसू दिली. नंतर साडी दिली, एक महिन्याचे पैसे दिले आणि मला वाटलं मी खूप केलं. त्यांच्या जागी दुसऱ्या बाई लावल्या. तीन महिन्यांनी त्या बाळाला घेऊन दारात आल्या, काम आहे का विचारायला, आणि मी 'आता दुसरी आहे ना हो' म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. चहासुद्धा न घेता गेल्या.

मी स्वतः तेव्हा बँकेतून सहा महिन्यांची भरपगारी रजा घेऊन नुकतीच परत रुजू झाले होते. ही गोष्ट हा धागा वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आली नव्हती. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, मी कधी त्यांची नोंदणी झाली का विचारलं नाही.

खोपोली_फास्ट

पारिजात, त्यांचा नंबर अजून असेल तर फोन कर ना.

पारिजात_चेंबूर

केला. नंबर बंद आहे. रविवारी मानखुर्दला जाऊन बघणार आहे.

लाल_पाटी

मी युनियनचं काम करतो. दोन-चार गोष्टी इथे असाव्यात म्हणून लिहितो, कारण ज्या बायकांना या लागतात त्यांच्यापर्यंत त्या पोचतच नाहीत.

अबोलीताई, तुमची ती रजा बिनपगारी व्हायला नको होती. तेव्हा लागू असलेला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा पर्मनंट-कंत्राटी असा भेद करत नव्हता. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की हक्क लागू होतो, मधला दोन दिवसांचा ब्रेक आडवा येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच ८० दिवसांची अट आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांना हा लाभ द्यायचा, असं सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलं. आणि 'ऑर्डर संपली की रजा संपली' म्हणणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२३ चा डॉ. कविता यादव खटल्याचा निकाल आहे: मुदत मध्येच संपली तरी लाभ पूर्ण द्यावा लागतो. त्या डॉक्टरही दिल्लीत पॅथॉलॉजीतच कंत्राटी होत्या, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो.

गरोदरपणात जड किंवा बाळाला अपायकारक काम देऊ नका असं लेखी मागता येतं, पण कायद्यातली ती मुदत शेवटच्या आठवड्यांपुरती आहे. तुमच्या पहिल्या तीन महिन्यांच्या झायलीनचं उत्तर कायद्यात सरळ सापडत नाही. तिथे माणसांनीच उभं राहावं लागतं.

केबिनच्या दाराबद्दल: २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कंत्राटी, रोजंदार, मानधनावरची, शिकाऊ, सगळ्याच जणी येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तक्रार तीन महिन्यांत द्यावी लागते.

लढून होतं का, विचाराल तर होतं, पण वर्षं जातात. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१७ मध्ये आला. तो येईपर्यंत काही जण वारले होते.

अबोली_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिलं नाही कारण लॅबमध्ये थोडं काम होतं.

आमच्याकडेही दोन मुली कंत्राटी आहेत, हे मी वर लिहिलंच नाही. पर्मनंट झाल्यापासून मीही त्यांना ड्युटी लिस्टमधल्या मोकळ्या जागा भरायलाच धरत होते. त्यातली एक गेले पंधरा दिवस डबा तसाच परत नेते आहे. मी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. परवा तिला जिन्यात गाठलं. माझी गोष्ट आधी सांगितली, मग ती रडली. दहावा आठवडा चालू आहे.

काल आम्ही दोघींनी बसून अर्ज केला. तिच्या अक्षरात, सोबत डॉक्टरांचं पत्र, लाल_पाटी यांनी दिलेल्या रजेबद्दलच्या दोन्ही निकालांचा उल्लेख. आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घेतली, एक प्रत माझ्या लॉकरमध्ये. हिस्टोची ड्युटी मी स्वतःकडे घेतली, ती आजपासून सिरॉलॉजीत बसते. स्टाफ रूमच्या किल्लीच्या दोन जास्तीच्या प्रती स्टेशनबाहेरच्या किल्लीवाल्याकडून करून आणल्या.

तिची ऑर्डर पुढच्या महिन्याच्या २२ तारखेला संपते. काय झालं ते इथेच लिहीन.